जे मी तुझं मौन समजले

आई, तू बोलायची बंद झालीस तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना लपवायला काही उरणार नाही. तू जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, आणि अजून भोरात कुणी कौतुकानं म्हणतं, "तुमच्या आईंनी काय मौन पाळलं हो त्या चातुर्मासात!" मला शिसारी येते. त्यांची नाही गं, माझी.

भाताची रोपं टाकताना बांधावरून घसरून तुझा खुबा मोडला. गावी, गुंजवण्यात, तुझ्यापाशी कुणी नव्हतं, म्हणून चौघांनी डोलीत घालून तुला भोरला आणलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने हलवायचं नाही. मी एका खोलीत राहणारी विधवा मास्तरीण, दिवसभर मुलींच्या शाळेत. मग कुणीतरी ते घर सुचवलं, गावातल्या व्यापाऱ्यांनी निराधार म्हाताऱ्यांसाठी काढलेलं. आठ खाटा, सारवलेली पडवी, दारात तुळस. सगळ्यांचं करायला एक बाई, तिला सगळे मावशी म्हणायचे. मीही म्हणायचे. तिला ते नातं लावलं याचीही आज किळस येते.

भेटायला रविवारची दुपार तेवढी ठरलेली. दर रविवारी मी यायचे. मावशी पदर सावरत पुढं यायची. "आजींचं क्येस इंचरलेत बघा, बाई. लई गुनाच्या हायेत आमच्या आजी!" पहिल्या रविवारी तू सगळ्या गावाची खबर विचारलीस, रोपं वर आली का, म्हैस कोण धुतंय. दुसऱ्या रविवारी थोडंच बोललीस. आषाढी एकादशी झाली आणि तू नुसती मान हलवायला लागलीस. "मौन धरलंय आजींनी, चातुर्मासाचं," मावशी म्हणाली, आणि तू खाली बघितलंस. माझा विश्वास बसला. बसला कसला, मला तेच हवं होतं! शाळेतल्या बाकीच्या बायकांच्या आया, सासवा चातुर्मासात काही ना काही नेम धरायच्या. माझी आई चिखलात वाकून लावणी करणारी, ओढ्यापलीकडच्या बाईशी अलीकडून ओरडून बोलणारी. आता माझीही आई व्रत करते म्हणून मी शाळेत सांगत सुटले. मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा द्यायची असते, तर तांबटाकडे जाऊन घंटासुद्धा सांगून आले. अगं, उभ्या जन्मात तू कधी मौन धरलं होतंस? ऐन लावणीचे दिवस ते, त्या दिवसांत तुमच्याकडे कोण गप्प बसतं? एवढं मला कळू नये?

दिसत तर सगळं होतं. तुझे ओठ फुटले होते. "पाणी देऊ?" म्हटलं की तू आधी दाराकडे बघायचीस, मग मान हलवून नको म्हणायचीस. कुणाची चाहूल लागली की अंग चोरायचीस. मी म्हटलं, म्हातारपण आहे, चालायचंच. वर्गातली कुठली पोरगी घरून मार खाऊन आलीय हे मी हजेरी घेता घेता ओळखायचे, आणि सख्ख्या आईकडे बघून मला काही कळलं नाही.

एका बुधवारी शाळा लवकर सुटली म्हणून सहज तिकडे वळले. पडवीत चपला काढत होते तोच आतून आवाज आला.

"मुतायचं बरं कळतंय येळेला, मरायचं कळत न्हाई व्हय गं? पोरीनं हितं आनून टाकलीया उकिरड्यावानी, आन थेरं बघा हिची! पानी पायजे म्हनं! पी, आन भिजीव परत!"

आणि मग तुझा आवाज. दीड महिन्यानं ऐकला मी तो. "न्हाई मागत, बाई. चुकलं माजं."

मी काय केलं? खाकरले. तेवढ्यानं आतला आवाज फिरला. "अगं बया, बाई आल्या! आजी, बघा तरी कोन आलंय!" आणि मी म्हणाले, "कशा आहात, मावशी?" जिभेला वळणच तसं पडलेलं. अजून थू करावंसं वाटतं स्वतःवर.

ती चहा टाकायला गेली तशी शेजारच्या खाटेवरची म्हातारी कुजबुजली, "कसलं मौन घिऊन बसलीस, पोरी? बोललं की शिव्या, पानी मागितलं की शिव्या. पानी प्यालं की भांडं मागाया लागतंय, मंग आनखी शिव्या. आमी समद्याच गप असतो." मी तुझ्याकडे बघितलं. तू माझं मनगट धरलंस. "तिला काय बोलू नगं गं. तू जाशील घरला, मला हितंच ऱ्हायचंय."

त्या घराचा कारभार बघणाऱ्या मंडळींकडे गेले. त्यांनी विचारलं, "अंगाला हात लावला का?" नाही म्हटलं. "मग झालं तर! तोंडाची फटकळ आहे, पण मनानं चांगली आहे हो." मनानं चांगली! मग मावशी नदीवर धुणं धुवायला गेली की मी आठही खाटांपाशी बसले. कुणाला काय म्हणाली, कुठल्या वारी, काय मागितलं म्हणून, सगळं शाळेच्या वहीत उतरवलं आणि त्या मंडळींपुढे उभी राहून खड्या आवाजात वाचलं. एक शब्द गाळला नाही. माणसं जाजमाकडे बघायला लागली. एक जण म्हणाले, "बाई, असली भाषा तुमच्या तोंडी शोभत नाही." मी म्हटलं, "माझ्या तोंडी शोभत नाही, आणि त्यांच्या कानात शोभते होय?" त्या आठवड्यात मावशी गेली. भेटीचा ठरावीक रविवारही मोडायला लावला मी. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्यानं न सांगता यावं. तुला मी डोलीतूनच माझ्या खोलीवर आणलं, दिवसा भिंतीपलीकडची शेजारीण लक्ष ठेवायची.

इथवरचं मी सगळ्यांना सांगते. लोक मला धीराची म्हणतात. पुढचं नाही सांगत.

दिवाळीपर्यंत तू पुन्हा बोलती झालीस, भिंतीपलीकडच्या बाईशीसुद्धा मोठ्यानं. एका संध्याकाळी मी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले होते, आणि तू चौथ्यांदा विचारलंस, म्हैस व्याली का? म्हैस विकून महिना झाला होता. "गप बस की गं जरा!" मी खेकसले. "किती ती टकळी! डोकं उठवलंस नुसतं!"

तू गप्प झालीस. रडली नाहीस, रुसलीही नाहीस. कुणीतरी नीट शिकवून ठेवल्यासारखी गप्प झालीस.

तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं गावचे मास्तर तुला वाचून दाखवायचे. हे कुणाला वाचायला देऊ? राहू दे माझ्यापाशीच. त्या संध्याकाळी मला लगेच उठून तुझ्याजवळ यावंसं वाटत होतं, फक्त कामामुळे जमलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे, आई. तू गप्प झालीस, मला बरं वाटलं, आणि मी सगळ्या वह्या तपासून काढल्या.