पथनाट्यातला नवरा

२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार

नवऱ्याचं काम मला दिलं! महिला दिनाला शाळेत पथनाट्य बसवायचंय, घरातल्या मारहाणीवर. मोठ्या बाई म्हणाल्या, "देविका, तुझी उंची आहे, आवाज आहे. नवरा तूच कर." स्टाफरूममध्ये सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांत जोरात बहुतेक मीच.

बायकोचं काम आलियाकडे. हिंदी शिकवते, दोन वर्षांपूर्वी लागली.

कोणाला काही माहीत नाही. कळू दिलंच नाही कधी. पोरांना शिकवते आणि घरी मार खाते — हे लिहितानाही कान गरम होऊन राहिलेत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहिली तालीम. नाटक चित्रकलेच्या सरांनी लिहिलंय. नवरा पिऊन येतो, ओरडतो, "थांब, आज तुला सोडत नाही!" सगळं सिनेमातलं. मी म्हटलं, असं नाही बोलत कोणी. सर म्हणाले, "मग कसं बोलतात? तुम्ही करून दाखवा."

आपोआप निघालं तोंडातून. हळू आवाजात. "मी काही बोललो का तुला? नाही, सांग ना. बोललो का? मग तोंड कशाला पाडलंस? शेजाऱ्यांना दाखवायला?"

आणि टाळ्या! "काय नॅचरल करून राहिल्या हो मॅडम!" कुठून आणलं म्हणे. मोबाईलवर बघितलं, म्हटलं.

शब्द न् शब्द यज्ञेशचा होता. माझा नवरा पीत नाही. ओरडतही नाही. त्याच्या ऑफिसात त्याला शांत माणूस म्हणतात.

आलियानं टाळ्या वाजवल्या नाहीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गॅसचा नंबर लावायला विसरले. डावा दंड. उद्यापासून पूर्ण बाह्यांचा ब्लाउज.

१ मार्च, शनिवार

हे फक्त इथंच लिहू शकते.

तालमीत मी हात उगारते आणि आलिया मागं सरकते. आज ती खरंच दचकली. डोळे मिटले तिनं. आणि मला — बरं वाटलं! छातीत काहीतरी मोकळं झालं. पुन्हा करू म्हणाले सर, तर मी लगेच तयार.

घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून बसले. मी कोण होऊन राहिले?

३ मार्च, सोमवार

भार्गवीनं दप्तर दारातच टाकलं होतं. एवढंच! पाचवीतली पोर. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी काही बोलले का तुला? बोलले का?"

तिचा खांदा कानापर्यंत वर गेला. मान आत. अगदी माझ्यासारखं.

तिला जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, "आई, मी उचलते ना. उचलते."

लाज, लाज, लाज.

५ मार्च, बुधवार

मोठ्या बाईंना म्हटलं, काम बदला, मला जमत नाही. त्या हसल्या. "अगं, तुझ्यामुळंच तर उभं राहिलं नाटक!"

बाहेर आलिया उभी. म्हणाली, "मॅडम, बुरा मत मानो. एक सांगू?" तिची मोठी बहीण लातूरला असते, बानो बाजी. पोरांना घेऊन वेगळी राहते, शिवणक्लास चालवते. "बाजीलापण गर्मीत फुल बाह्या लागायच्या. मी लहान होते. मला वाटायचं फॅशन आहे."

मी म्हटलं, मला उन्हाची ॲलर्जी आहे.

"हौ," म्हणाली. बाजीचा नंबर पाठवला. मी लगेच डिलीट केला. मग परत मागायला गेले. तिनं तो परत पाठवला.

८ मार्च, शनिवार

झालं नाटक. मैदान भरलं होतं. यज्ञेश पुढच्या रांगेत, भार्गवी त्याच्या शेजारी. मी त्याचाच शर्ट घातला होता. त्याचंच सगळं बोलले, त्याच्याच आवाजात, त्याच्याकडं बघून. वाटलं, आता उठून जाईल. आज घरी काही खरं नाही.

त्यानं टाळ्या वाजवल्या!

नाटक संपल्यावर एका पोराची आई मागं आली. माझं मनगट धरून म्हणाली, "मॅडम, आमचे मालकबी आवाज चढवत न्हाईत. कुनाला खरं वाटत न्हाई." मी काय म्हणाले? "अहो, नाटक होतं ते." तिनं हात सोडला. गर्दीत गेली. नावही विचारलं नाही मी.

स्कूटरवर यज्ञेश म्हणाला, "जबरदस्त केलंस. असल्या माणसांना भर चौकात फटके दिले पाहिजेत."

ढोंग नव्हतं. त्याला खरंच ओळखू आलं नाही. मी इतकी वर्षं त्याच्या वाटची लाज पण स्वतःच वाहून राहिले — आणि त्याला पत्ता नाही!

मधे बसलेल्या भार्गवीनं ओळखलं होतं. पाठ ताठ होती तिची, घरापर्यंत.

१० मार्च, सोमवार

मधल्या सुट्टीत माहेरी, चाकूरला फोन लावला. आईला सगळं सांगितलं. पहिल्यांदा. दंडाचं, केसांचं, गॅसचं. फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता.

मग बापूंनी फोन घेतला. "संसारात होतं असं, बेटा. जावई लाखात एक आहेत. होळीला ये, चार दिवस राहा. डोकं शांत होईल."

मी "हो बापू" म्हटलं. मला दुसरं काही बोलताच येत नाही त्यांच्यापुढं. सांगितलं कशाला, असं झालं.

यज्ञेश म्हणाला, "जा ना. मी कुठं अडवलंय?"

१३ मार्च, गुरुवार, बसमध्ये

चाकूर मागं पडलं. बस हादरतेय, अक्षर वाकडं येतंय.

आई स्टँडवरच उभी होती. एकटी. मी बॅग उचलली तर खिडकीशी आली, डबा वर दिला. पुरणपोळ्या, अजून गरम. म्हणाली, "उतरू नको."

मला कळेना.

"जावई आलेत, तुझ्याआधीच, गाडी करून. यांनीच बोलावलंय, तुला परत न्यायला. ओसरीवर चहा घेऊन राहिलेत दोघं. तू पुढं जा, देवी. कुठंबी जा."

"आई, तू काय सांगशील त्यांना?"

"आलीच न्हाई म्हनंन."

कंडक्टर ओरडला, "ओ ताई, चाकूर! उतरता का न्हाई?"

मी भार्गवीकडं बघितलं. ती बॅग परत सीटखाली सरकवत होती.

"नाही," म्हटलं. "लातूर द्या. दोन हाफ."