साहेबाच्या शेकोटीची जागा

बा, तू शेवटचं काम केलंस त्या घरात मी अजून राहतो. यवतमाळात कापसाच्या व्यापारासाठी आलेल्या गोऱ्या साहेबांनी विलायतेच्या राणीच्या राज्यात बांधलेली ती सहा घरांची ओळ. लोक अजूनही तिला साहेबांची लाईनच म्हणतात. घराला घर चिकटलेलं, मधली भिंत दोन घरांत मिळून एक, वर कवेलूंचं छप्पर, आणि बैठकीच्या खोलीत भिंतीत घडीव दगडाची शेकोटी. यवतमाळात शेकोटी! तू ती पहिल्यांदा पाहिलीस आणि कमरेवर हात ठेवून हसतच सुटलास. "बाबू, या साहेबाले थंडी कायची वाजे रे? मले तं घाम येऊन राह्यला." मी म्हणालो, हळू बोल. तुझं काम चाललं त्या बारा दिवसांत मी तुला आणखी काय बोललो ते आठवायला बसलो तर हेच आठवतं. हळू बोल.

साहेब केव्हाच निघून गेले होते. लाईन एका वकिलांनी विकत घेतली होती. पहिल्या घरात ते राहत आणि दुसरं त्यांनी मला भाड्याने दिलं, अट एकच, दुरुस्ती आमची आम्ही करायची. कचेरीतली नोकरी ऐकून ते खूश झाले, आडनावावरून त्यांना काही उमगलं नाही, आणि मी उमगू दिलं नाही. त्याआधी तीन ठिकाणी फिरलो होतो. आधी आडनाव, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला, आणि मग खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. तुझ्या सुनेला तिसरा महिना होता. हे मी माझी बाजू मांडायला लिहीत नाही. बरं, थोडं तेवढ्यासाठीही लिहितो.

घर भक्कम होतं, पण साहेबी थाटाचं आणि अंधारं. वीज घ्यायची होती, नळ आत आणायचा होता, मागचा टोपलीचा संडास पाडायचा होता, उभ्याने स्वयंपाक करायला ओटा हवा होता. तुझ्यासारखा गवंडी मला कुठे मिळणार होता? गावाहून, मुकुटबनकडून, मोटारीने आलास, थापी आणि ओळंबा धोतराच्या फडक्यात बांधून. पहिल्याच संध्याकाळी म्हणालास, "वाळू-सिमिट उघडं हाये, मी मागंच झोपतो." मी नको म्हणायला हवं होतं ना? मला बरं वाटलं, बा. तुझं ताट मागच्या दारातून जायचं आणि लाईनीतल्या कोणाला काही विचारावंसं वाटायचं नाही. सून एकदा चिडून म्हणाली, "मामंजींना आत बसवा, नाहीतर मीच बाहेर जाऊन जेवते." मी तिला म्हणालो, काम संपू दे.

शेकोटीचं काय करायचं ते तूच ठरवलंस. वरचं धुराडं बंद करायचं, आतली काजळी खरवडायची आणि दोन फळ्या बसवायच्या. "तुह्यी पुस्तकं मावतीन इथं. आल्यागेल्याले दिसतीन." त्या फळ्यांसाठी तू दोन दिवस सागवानाचे तुकडे घासत होतास. आठव्या की नवव्या दिवशी वकिलीणबाई काम पाहायला आल्या. बाई वाईट नव्हत्या, हे तुला सांगितलं पाहिजे. पदर सावरून त्या सगळीकडे हिंडल्या, ओट्यावर हात फिरवून पाहिला आणि मग सहज म्हणाल्या, "सगळं छान झालंय हो, पण देव कुठे बसवणार?"

तू शेकोटीपुढे उकिडवा बसलेला आहेस. हातात थापी आहे. सून ओट्यापाशी. मी मधोमध. आणि माझं बोट शेकोटीकडे जातं, मी पाहतो ते जाताना, आणि मी म्हणतो, "हे काय, इथेच. त्यासाठीच तर चाललंय."

तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मग उठलास, खाली मान घालून आतला तळ बोटांनी मापलास आणि म्हणालास, "साहेब, देव ठेवाचे अस्तीन तं तळ अजून चार बोटं वर घ्या लागंल. फळ्या काढून टाकतो."

साहेब! स्वतःच्या पोराला, बा. आणि मी म्हणालो, "घ्या वर." अहोजाहो केलं मी तुला, इतका साळसूद.

छप्पन साली तू नागपूरहून पांढऱ्या सदऱ्यात परत आलास तेव्हा मी मॅट्रिकला होतो. दुसऱ्याच दिवशी घरातले देव टोपलीत भरून आपण दोघं नदीवर गेलो. आई काठावर उभी राहून मुळूमुळू रडत होती आणि तू तिला ओरडला नाहीस, नुसता म्हणालास, "रडून घे, मंग घरी चाल." टोपली रिकामी करून तू तीच डोक्यावर पालथी घातलीस आणि मला हसवलंस. परतताना पाटलाच्या वाड्यावरून गेलो, तेव्हा पहिल्यांदा पायातल्या वहाणा हातात घेतल्या नाहीस. मला म्हणालास, "आता कोणाले भ्यायचं नाही, बाबू. काहून भ्यायचं?" ज्या माणसाने हे सांगितलं त्याच्याकडून मी देवघर बांधून घेतलं. आणि तू ते इतकं सुबक बांधलंस की लाईनीतली माणसं पाहायला आली. कमान काढलीस वर. कोणी सांगितलं होतं तुला कमान काढायला?

निघालास तेव्हा वकील ओसरीवर पेपर वाचत होते. तुझ्या पाया पडल्याशिवाय मी तुला कधी निरोप दिला नव्हता. त्या दिवशी पायरीवर ताठ उभा राहिलो. "येतो साहेब," म्हणालास आणि फडक्याची गाठ खांद्यावर टाकून निघालास. मोटार स्टँडपर्यंत सोबत आलो असतो तर कोणी पाहिलं असतं? पाहिलं असतं तर काय झालं असतं? बाजारातून देव मी आणले. सून म्हणाली, मी दिवा लावणार नाही, तुमचे देव तुम्ही पाहा. मग मीच लावायचो रोज सकाळी, आणि घंटी जोरात वाजवायचो, कारण भिंत एकच होती आणि पलीकडे ऐकू जायला हवी होती. लाज वाटते लिहिताना. तेव्हाही वाटत होती, पण हात थांबत नव्हता.

त्यानंतर तू आला नाहीस. नातू झाला तरी आईलाच पाठवलंस, तुला दमा झालाय असा निरोप देऊन. तू गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी रजेच्या अर्जात लिहिलं, गावी शेतीचं काम. आठ दिवसांनी परतलो तर वकिलीणबाई दारातच भेटल्या. त्यांना स्वयंपाकघर नवं करायचं होतं. "तुमचा तो गवंडी कुठे मिळेल हो?" मी म्हणालो, वारला. त्या खरोखर हळहळल्या. "अरेरे! काय हात होता त्याचा. त्याला मुलंबाळं होती का?" मी म्हणालो, असतील.

वकील गेले, बाई गेल्या, पुढे हे घर मीच विकत घेतलं. तुझी सूनही गेली आता. भ्यायचं असं या लाईनीत कोणी उरलेलं नाही. गेल्या दिवाळीपासून म्हणतोय की मुलाला समोर बसवून सगळं सांगायचं. आज आधी तुला लिहून पाहावं म्हटलं, निदान सुरुवात होईल. आत्ता इथपर्यंत आलो तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. म्हणाली, "बाबा, एवढं मन लावून कोणाला लिहिताय?" मी कागदावर हात आडवा ठेवला आणि म्हणालो, कोणाला नाही, नळाच्या तक्रारीचा अर्ज आहे.