मागच्या खोलीतला गारठा

प्रिय वाजिह,

तुझा फोन आला की आई "शेगडी पेटलेली आहे, मी मजेत आहे" एवढंच सांगते. शेगडी पेटलेली असते हे खरं. पण ती मधल्या खोलीत, आणि आम्ही दोघी झोपतो मागच्या खोलीत. आई झोपते बाबांच्या पलंगावर, मी खाली. बाबांना जाऊन दोन महिने झाले. बेरूतचा रस्ता बर्फाने तीनदा बंद पडला. आईचा खोकला छातीत उतरलाय. ऊब मिळाली नाही तर हा हिवाळा तिला जड जाईल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलंय.

महिनाभर मी शेगडीची ऊब त्या खोलीपर्यंत न्यायला धडपडते आहे. मधलं दार काढून ठेवलं. दारावरची भिंत फोडून झरोका केला. शेगडीमागे पंखा लावला, तर ऊब जाण्याऐवजी राखच उडाली. शेवटी पत्रेवाल्या जिर्जीला बोलावलं. धुराडं भिंतीतून मागच्या खोलीत फिरवून मग बाहेर काढ म्हटलं, म्हणजे तापल्या पत्र्याने खोली गरम होईल. तो म्हणाला, "ताई, एवढी वळणं घेऊन धूर जात नसतो. त्याला काय गाव बघायचंय?" मी हट्टाला पेटले. ऑलिव्हच्या चोथ्याच्या विटा पेटवल्या आणि सगळा धूर उलटा घरात. डोळे पुसत आई म्हणाली, "बाई गं, मला ऊब देतेयस की मांसासारखी धुरी देऊन वर्षभर टिकवतेयस?" बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मी अंगणात जाऊन रडले, तेही दुःखाने नाही, चिडून.

धुराडं पूर्ववत करताना जिर्जीनेच सांगितलं, "पंखा मागच्या खोलीत जमिनीवर ठेव, तोंड शेगडीकडे. गार हवा तू हाकल, गरम हवा वरून आपल्या पायांनी येते." आणि खरंच आली. पण गावचा जनरेटरवाला रात्री नऊला वीज तोडतो आणि पंखा थांबतो. सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ असतो.

तू म्हणशील, आईलाच शेगडीपाशी का झोपवत नाहीस? तिथे एकच गादी मावते आणि ती तुझी आहे. बाबा आजारी असताना तू म्हणालास, "शुक्रवारी निघतो, माझी गादी शेगडीपाशी घाला." लांबून येणाऱ्याला ती जागा द्यायची, हे आपल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. तिथे बाबा झोपायचे. "पोरगा गारठून येईल" म्हणत ते स्वतः उठून मागच्या खोलीत गेले. तू पुढचा शुक्रवार म्हणालास, मग त्याच्या पुढचा. बाबा तिथेच गेले. त्यांना पुरतानाही तू नव्हतास. साओ पावलोहून निघणं सोपं नसेल, मी भांडत नाही. पण अजूनही प्रत्येक फोनवर तू "लवकरच येतो" म्हणतोस आणि आई दर शुक्रवारी त्या गादीवरची चादर बदलते. मलाही तिथे टेकू देत नाही. म्हणून लिहिते आहे. ये. नाहीतर या रविवारी फोनवर तिला स्पष्ट सांग की तू येणार नाहीस. ती रडेल, मी सांभाळेन. निदान रडून झाल्यावर ती उबेत झोपेल.

तुझीच,
नुहाद