दुकानाच्या खोक्यातलं जाकीट

प्रिय पिटुकले,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी घाबरशील. फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, हिच्या नवऱ्याचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, असं मनात येईल. ह्यांना काही झालेलं नाही. गुडघे कुरकुरतात, जीभ उत्तम चालते. पण फोनवर तू मधे मधे बोलतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते एका दमात सांगितलं नाही तर मी सांगणारच नाही. तेव्हा बस, आणि शेवटपर्यंत वाच.

वर्षअखेरच्या सुट्टीत एकमेकींना भेट द्यायची, हे आपण पहिली नोकरी लागली तेव्हा ठरवलं. नियम माझाच होता. वसतिगृहात आपण दोघींनी बहिणींचे, मावश्यांचे उतरलेले कपडे घालून दिवस काढले होते. त्याचा मला इतका वीट आला होता, की मी फर्मान काढलं: भेट दुकानातून आणलेली, कोरी करकरीत हवी. घरी केलेलं चालणार नाही, वापरलेलं तर मुळीच नाही. तू टाचा जुळवून म्हणालीस, ‘जशी आज्ञा, फौजदारीणबाई!’ आणि वसतिगृहभर ते नाव करून टाकलंस. नियम मात्र आपण दोघींनी पाळला. तू भेट दिलेली पहिली छत्री मी काडी मोडेपर्यंत वापरली, हे तुला ठाऊक आहे.

तुला ठाऊक नाही ते आता सांगते. ह्यांचं चष्म्यांचं दुकान ‘जरा दुरुस्तीसाठी’ बंद नाही, कायमचं बंद आहे. माझी शाळेची पेन्शन घरात येते आणि चपला न काढताच बाहेर जाते, कधी घरमालकाकडे, कधी औषधवाल्याकडे. म्हणून मी शिवणयंत्र खिडकीशी ओढलं. मोठ्या रस्त्यावरच्या कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या विजारी आखूड करायच्या असतात, बाह्या कमी करायच्या असतात. ते काम मी घरी आणते. मागच्या दाराने गठ्ठा घ्यायचा, मागच्या दाराने द्यायचा. कोणतंही काम हलकं नसतं, असं मी वर्गात मुलींना किती वर्षं बजावलं! फळ्यासमोर उभं राहून बजावणं सोपं होतं. त्या दाराशी उभी असताना ओळखीचं कुणी दिसलं, की मी पाटी वाचत असल्यासारखं करते.

सुट्टी जवळ आली तेव्हा ह्यांनीच विचारलं, ‘यंदा मैत्रिणीला काय देणार, आशीर्वाद?’ मी चिडले, पण प्रश्न खरा होता. शेवटी मी माझा निळा लोकरी कोट उसवला. बाहेरून तो विटला होता, पण कापड उलटवलं तर आतली बाजू नव्यासारखी निघते. त्याचं तुला जाकीट शिवलं. जुनी काजं इतकी बारीक रफू केली, की मलाच शोधावी लागत होती. खरं सांगू? इतकं मन लावून मी कित्येक वर्षांत काही केलं नव्हतं. ते तसंच तुझ्या हातात ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माझाच नियम, आणि माझंच नाक वर. दुकानाच्या शिंपीमास्तरांनी कोपरा दबलेलं एक खोकं टाकायला काढलं होतं. ‘घरात बटणं ठेवायला होईल,’ म्हणून ते मागून आणलं. जाकीट त्यात घातलं, वर पातळ कागद घातला, आणि तुला दिलं.

तू खोक्यावरचं नाव वाचून ओरडलीस, ‘अगं, ह्या दुकानातलं? लॉटरी लागली की काय तुला?’ मी म्हटलं, ‘गप बस आणि घालून बघ.’ तू घातलंस आणि पुढची बटणं लागेनात. चूक माझी. मी डोळ्यांसमोरची तू धरून कापलंच नव्हतं. वसतिगृहातली, माझ्या खांद्याला लागणारी, फुंकरीने उडेल अशी मुलगी धरून कापलं होतं. शिवणीत आत दुमडलेली माया भरपूर ठेवली होती, ती उसवून सैल करणं एका दुपारचं काम होतं. पण दुकानातून आणलेल्या वस्तूत किती माया आहे हे मला कसं ठाऊक असणार? मी तोंड मिटून राहिले. तू म्हणालीस, ‘राहू दे गं, मी आत काही जाड घातलंय म्हणून.’ पुढच्या आठवड्यात तुझा फोन आला, जाकीट झकास बसतं म्हणून. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तू खोटं बोलतेस हे मला कळलं नाही. तू खोटं बोलतेस असं मला कधी वाटतच नाही.

त्यानंतर मी गठ्ठा आणायला गेले, तर मास्तर खुशीत होते. कातरी चालवता चालवता म्हणाले, ‘बाई, सुट्टीत गंमत हुकली तुमची. एक ठेंगणी म्हातारी आली होती जाकीट बदलून मागायला. खोकं आमचं, माल भलताच! काउंटरवरच्या पोरीने आत बघितलं, तर जुन्या कोटाचं उलटवलेलं कापड. मॅनेजर आला, चार लोकांत बोलला तिला, की जुनेर आणून नवं न्यायचा धंदा किती दिवस चाललाय? म्हातारी लाल झाली. मग म्हणते कशी, माफ करा, माझीच चूक, घरात खोक्यांची अदलाबदल झाली असेल. कुणी दिलं म्हणून विचारलं तर तोंड उघडेना.’ मग कातरी थांबवून म्हणाले, ‘काम मात्र काय होतं, बाई! कुणाचा हात होता कोण जाणे.’

तू माझं नाव घेतलं नाहीस. घरी येऊन मला फोन करून जाकिटाचं कौतुक केलंस.

खोक्याबद्दल माफी मागायला मी हे पत्र लिहीत नाही. ते फोनवरही जमलं असतं. मास्तरांनी ही गोष्ट सांगितली, आणि मी हसले, पिटुकले. ते हसत होते, बाकीचे कारागीर हसत होते, मीही पदर तोंडाला लावून हसले. ‘काय काय लोक असतात,’ असं म्हणालेसुद्धा. मग गठ्ठा उचलून घरी आले, आणि तो तसाच यंत्रापाशी पडून आहे. आज सकाळी जाऊन मास्तरांना सांगितलं, की ती माझी मैत्रीण, आणि तो हात माझा. त्यांनी कातरी खाली ठेवली. मग एवढंच म्हणाले, ‘मग त्या दिवशी का नाही बोललात, बाई?’ मी घरी येऊन हे पत्र लिहायला बसले. तूही मला हेच विचारायला हवंस. म्हणून हात जोडून सांगते, ‘अगं, जाऊ दे’ म्हणू नकोस. तुझं जाऊ देणं मला सोसणार नाही. जाकीट घेऊन ये, दारातच मला फैलावर घे, ह्यांच्यासमोर घे, मी एक शब्द बोलणार नाही. आणि सगळं बोलून झालं, की जरा सरळ उभी राहा. मला तुझं आत्ताचं माप घ्यायचं आहे.

तुझीच,
फौजदारीण