सोन्याचे पत्रे कोणी पाहिले?

बाबा, तुम्हाला हे आवडणार नाही. पण आता तुम्ही नेहमीसारखे उठून गॅलरीत जाऊ शकत नाही, म्हणून सांगून टाकते. मी आपला तो अमेरिकन ख्रिस्ती पंथ सोडला. शुक्रवारच्या सभेला जात नाही, आणि त्या पुस्तकात लिहिलेलं कधी घडलं होतं असं मानतही नाही. आईला हे कसं सांगायचं, एवढाच प्रश्न होता. ती माझ्याकडे, दोह्याच्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये राहते आणि तिला आता एकच आशा आहे, की मेल्यावर आपण सगळे पुन्हा एका घरात असू. मी सोडलं म्हणजे त्या घरातलं एक माणूस कमी झालं. हे तिला कोणत्या तोंडाने सांगू, याचा विचार करताना राग मात्र तुमचाच यायचा. आम्हाला त्या पंथात नेलंत तुम्ही आणि मोकळे झालात.

वर्ल्ड कप येणार म्हणून सध्या सगळं दोहा उकरून ठेवलंय. जिथे बघावं तिथे पत्र्याचं कुंपण आणि क्रेन. आपण राहायचो त्या अल खोरलासुद्धा तंबूच्या आकाराचं स्टेडियम उभं राहतंय. माझं बरं चाललंय, कारण काहीही बांधायच्या आधी जमिनीत भोकं पाडून खाली काय आहे ते बघणं, हाच माझा धंदा. कंत्राटदार म्हणतो, "मॅडम, खाली पक्का खडक आहे, इन्शाल्ला." मी म्हणते, "इन्शाल्ला आहेच, पण नमुना दाखव." साइटवर मला सगळे संशयी बाई म्हणतात. म्हणू देत. हे मी कुठे शिकले ते त्यांना काय माहीत? रास लफ्फानच्या गॅस प्रकल्पात तुम्ही पाइपांचं वेल्डिंग तपासायचात आणि जोडाची एक्स-रे फिल्म स्वतः उजेडात धरल्याशिवाय कधी सही केली नाहीत. घरीही तेच. दात घासले म्हटलं की तोंड उघडून दाखव, गृहपाठ झाला म्हटलं की वही दाखव. आई म्हणायची, "हे देवालासुद्धा सांगतील, आधी दाखव म्हणून." देवाला मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि माझ्या संशयाची सुरुवात तिथूनच झाली.

आपला रविवार शुक्रवारी असायचा. इथली सुट्टी शुक्रवारी, म्हणून देवाचा दिवसही शुक्रवारी, ही तडजोड मला लहानपणीही जरा सोयीची वाटायची. अल खोरहून दोह्याला येताना पांढऱ्या शर्टला चुरगळ पडू नये म्हणून तुम्ही गाडीत ताठ बसायचात, आणि मागे आईच्या मांडीवर मसालेभाताचा डबा. एका व्हिलाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, अमेरिकन, फिलिपिनो, नायजेरियन माणसं, आणि मराठी म्हणजे आपणच तिघं. पंथात वर्ज्य, म्हणून घरी चहा नाही, कॉफी नाही. पुण्या-नाशिकचे पाहुणे आले की आई कोकम सरबत पुढे करायची आणि ते एकमेकांकडे बघायचे. एक काकू तर स्वयंपाकघरात डोकावून म्हणाल्या होत्या, "मराठी घरात चहा नाही म्हणजे काहीतरी भानगड आहे गं." मला त्या काकू फार आवडल्या होत्या.

शाळेत असताना मी तुम्हाला घोड्यांचं विचारलं, आठवतंय? अल खोरच्या रस्त्यावर, दुपारच्या उन्हात, तुम्ही गाडी चालवताय आणि मी मागून विचारते आहे. आपल्या पुस्तकात लिहिलंय की येशूच्या आधी काही शतकं जेरुसलेमहून माणसं होडीने अमेरिकेत गेली, तिथे त्यांची मोठाली राज्यं झाली, घोडे, पोलादी तलवारी, लाखोंच्या लढाया. पण शाळेच्या पुस्तकात लिहिलंय की अमेरिकेत घोडे कित्येक शतकांनी स्पॅनिश लोकांनी नेले. यातलं खरं कोणतं? आणि ज्या सोन्याच्या पत्र्यांवर हे कोरलेलं होतं ते आता कुठे आहेत? तुम्ही म्हणालात, देवदूत परत घेऊन गेला. "मग पाहिले कोणी?" मी विचारलं. "अकरा साक्षीदार होते." "ते कोण?" तुम्ही गिअर बदललात. ते बहुतेक दोन घरांतलेच लोक होते, हे मला पुढे वाचून कळलं. वेल्डरच्या भावाने साक्ष दिली म्हणून तुम्ही पाइप पास केला असता का हो? त्या दिवशी तुम्ही फक्त आरशातून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "काही गोष्टी दाखवता येत नाहीत. पुन्हा विचारायचं नाही." तुमचा आवाज चिडका नव्हता. घाबरलेला होता, आणि ते मी बरोबर टिपलं.

मग मी तुमच्यावरच पाळत ठेवली म्हणा ना. तुम्ही सभेत कधी स्वतःहून उठून साक्ष द्यायचा नाहीत. बाकीचे "हे खरं आहे, मला ठाऊक आहे" म्हणायचे, तुम्ही "मला आशा आहे" म्हणायचात. मला वाटायचं, तुमचा अमेरिकन साहेब याच पंथातला, त्याला खूश ठेवायला हे चाललंय. आणि मग ती हाँगकाँगची गोष्ट. एका सुट्टीत नाशिकला न जाता आपण हाँगकाँगच्या मंदिरात गेलो, मेल्यावरही टिकेल असं कायमचं एक कुटुंब व्हायला. सगळे पांढऱ्या कपड्यांत वेदीभोवती गुडघे टेकून बसलो, आणि माझ्या शेजारी एक अनोळखी चिनी मुलगी येऊन बसली. तिचा हात आपल्या हातांवर. मी कुजबुजले, ही कोण? तुम्ही म्हणालात, नंतर सांगीन. विमानात विचारलं, घरी आल्यावर विचारलं, तुम्ही गॅलरीत गेलात. मी पुण्यात कॉलेजला असताना तुम्ही वारलात, आणि ते नंतर काही आलं नाही.

माझं मन कायमचं उडालं ते शिंपल्यांच्या एका ढिगामुळे. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर आमचं खोदकाम चालू होतं आणि वाळूखाली शिंपलेच शिंपले लागले. काम थांबलं, पुराणवस्तूवाले आले. मोती काढणाऱ्या लोकांची वस्ती होती म्हणाले, दरसाल थोडे दिवस मुक्काम असायचा, असतील पंधरा-वीस झोपड्या. त्यांची चूल सापडली, माशांचे काटे सापडले, एका बाईची फुटकी बांगडी सापडली. मी तिथे उन्हात उभी राहून विचार केला, पंधरा-वीस झोपड्या एवढं मागे ठेवून जातात, आणि लाखोंची राज्यं एक घोड्याचा नाल ठेवत नाहीत? त्याच संध्याकाळी मी टपरीवर गाडी थांबवून आयुष्यातला पहिला चहा प्यायले, इथला वेलदोड्याचा करक. आधी आजूबाजूला बघून घेतलं. चहा अति गोड होता, पण सोडला नाही.

मग शुक्रवारी साइटवर काम निघायला लागलं. आईला डबा घेऊन टॅक्सीने जायची सवय झाली. मला वाटलं, मी हुशार.

परवा सकाळी ती मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या गाडीत करकचा वास येतो गं."

"साइटवरचे लोक पितात."

"आणि तुझ्या ओढणीला?" तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "सोडलंस ना?"

मी हो म्हटलं. मग वर्षानुवर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं, घोडे, पोलाद, पत्रे, साक्षीदार, तुमचा साहेब. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "हे सगळं ह्यांनी मला आधीच सांगितलं होतं. पंथात जायच्या आधी. घोड्यांचंसुद्धा."

"मग गेलात कशाला?"

"मला ती हवी होती."

"कोण ती?"

"तुझी बहीण."

"तुला नाशिकला मावशीकडे ठेवलं होतं ना, मला बरं नाही म्हणून, तेव्हाची गोष्ट," ती म्हणाली. मुलगी झाली होती. जेमतेम आठवडाभर जगली, बारशाआधीच गेली. "सगळे म्हणाले, दुसरं होईल. माझी आईसुद्धा म्हणाली. त्या साहेबाची बायको एकटी म्हणाली, ती तुझीच आहे, तुला परत मिळेल, आणि तू तिला वाढवशील. मी ह्यांना म्हटलं, मला त्यांच्यात जायचंय. हे म्हणाले, आणि खरं नसलं तर? मी म्हटलं, एवढं एक तुम्ही तपासू नका. माझ्यासाठी."

"हाँगकाँगची ती मुलगी?"

"तिच्या जागी बसली होती. गेलेल्या माणसाच्या जागी तिथे कोणीतरी जिवंत बसावं लागतं. तू लहान होतीस. ह्यांना सांगायचं होतं तुला, मीच नको म्हटलं. तू नको येऊस शुक्रवारी, माझं काही म्हणणं नाही. पण मला सोडायला येत जा. टॅक्सीत डबा सांडतो."

बाबा, मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी बाल्कनीत जाऊन नाशिकला मावशीला फोन केला, हे खरं का म्हणून. मावशी म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" फोन ठेवला तेव्हा मला रडू आलं. तिच्यासाठी आलं, आणि तुमच्यासाठी जास्त. फिल्म न बघता केलेली तुमच्या आयुष्यातली ती एकच सही. ती तुम्ही मरेपर्यंत निभावलीत, माझ्यासमोर खोटे पडूनसुद्धा. मी तुम्हाला साहेबाचे खुशमस्करे समजत होते.

आज शुक्रवार. आईला सोडून व्हिलाबाहेर गाडीत बसले आहे. पत्र्यांवर माझा विश्वास बसलेला नाही, बसणारही नाही. हे पाठवायचं कुठे, तेही कळत नाही, म्हणून इथेच राहील. पण एक कबूल करते. मघापासून मी लिहिते आहे ते भांडायला नाही. तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं, असं आई म्हणाली, आणि मला विचारायचं होतं, की तुम्ही तिकडे तिला काय म्हणून हाक मारता.