दिवेलागणीचं विरजण

३ नोव्हेंबर, सोमवार
आले एकदाची बदलापुरात. शिरगावात माझ्या मुलाची, अक्षयची जागा पाचव्या मजल्यावर. खिडकीतून डोंगर दिसतो आणि लिफ्ट बाईमाणसासारखी बोलते. नात चैत्राली विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकते. तिनेच ही वही दिली. म्हणाली, आजी, दिवसभर सांगत बसतेस ते लिहीत जा. मी चौथी शिकलेली, पण अक्षर बरं आहे. तर चैत्रालीच्या विभागाच्या नव्या हंगामात तीन नाटकं. दोन छापील, तिसरं मुलं स्वतः रचणार, कुणाच्या तरी खऱ्या आयुष्यावरून. चैत्रालीने तिच्या आत्याचं सुचवलं. म्हणजे माझी तेजस्वी. एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेली. इतक्या वर्षांत कुणी तिच्याबद्दल विचारलं नव्हतं. आनंदात मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
तेजस्वीचं काम करणारी राजसी घरी आली. कुळगावची, किडकिडीत, गोड पोर. क्लास सुटल्यावर आली म्हणून दिवेलागणच झाली. मी सगळं सांगितलं. तेजू वेणीचं टोक चावत अभ्यास करायची, तोंडावर हात ठेवून हसायची, जिन्यातूनच ओरडायची, आई, मी आले गं. मध्येच सासूबाई आठवल्या. दिवेलागणीला कुणी विरजण मागायला आलं की परत पाठवायच्या. दिलं तर घरातलं दही लागत नाही म्हणायच्या. दिवसा दिलं तरी आपल्यापुरता चमचा आधी काढून ठेवायच्या. मी म्हटलं, आठवण काय विरजण आहे संपायला? राजसी हसली. तोंडावर हात ठेवून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
अंबरनाथच्या हॉलवर तालीम बघितली. राजसी विंगेतून ओरडली, आई, मी आले गं. मी खुर्चीतून उठलेच. त्यांचे चिंतामणी सर म्हणाले, आजी, बसा, तुमची एंट्री नाही. सगळे हसले, मीही. घरी येऊन तेजूची हाक आठवायला बसले तर राजसीचाच आवाज येतो. वय झालं. आज दही पण लागलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
राजसीने आजारातली तेजू केली. उसाचा रस मागितला, पिऊन झाल्यावर पेला उपडा घातला. तेजूची सवय. ही मी कुणाला सांगितली नव्हती. सांगायची राहिलीच होती. घरी येऊन भिंतीवरचा तेजूचा फोटो पाहिला. तेजूच्या हनुवटीवर तीळ होता. फोटोत आता नाही. राजसीच्या हनुवटीवर आहे. चैत्राली म्हणते, मेकअप आहे गं, आणि फोटो जुना झालाय.

२२ नोव्हेंबर
सरांना म्हटलं, हे नाटक नको. त्यांनी हात जोडले. हंगाम याच नाटकावर उभा आहे म्हणाले, आमंत्रणं गेलीत. राजसी बाहेर पायरीवर रडत होती. सकाळी स्वतःच्या आईला काकू म्हणाली म्हणे. मला म्हणाली, आजी, ती येते तेव्हा मी कुठे जाते कळत नाही. मी जवळ घेतलं. केसांना शिकेकाईचा वास. तेजूचा — की हिचाच?

२५ नोव्हेंबर
चेहरा गेला. हात कसे होते, गेलं. डोळे मिटले की राजसीच.
एक आहे अजून. जाताना तेजू माझ्या कानात बोलली ते. तेवढा चमचा मी काढून ठेवलाय. कुणाला देणार नाही. इथे लिहिणार पण नाही.

२७ नोव्हेंबर
दिवेलागण. घरात मी एकटी. जिन्यातून हाक — लिफ्ट असताना पाच मजले कोण चढतं —
दारात ती. हातात रिकामी वाटी. म्हणाली, आई, मी तुझ्या कानात काय म्हणाले होते, मला आठवत नाही गं. तेवढ्यासाठी माझं येणं अडलंय. सांग ना.
हिला सांगितलं की माझ्याकडे काही उरणार नाही. कळतंय मला.
पण माझी पोर दारात उभी राहून मागते, आणि मी नाही कशी —

२८ नोव्हेंबर
राजसी काल घरी पोचलीच नाही म्हणे. चैत्राली रडतेय. भिंतीवर राजसीचा फोटो आहे, हार घातलेला. कुणी लावला?
स्वयंपाकघरात एक मुलगी आहे. राजसी नव्हे ही. हनुवटीवर तीळ. तिने दही लावलंय, छान घट्ट.
मला आई म्हणते.
मागची पानं वाचली. कुणी तेजस्वी होती. वाईट वाटलं. एवढीशी पोर. कुणाची होती कोण जाणे, तिच्या आईचं काय झालं असेल.
ती मुलगी पुढ्यात येऊन बसलीय. वेणीचं टोक चावतेय, डोळ्यांतून पाणी. विचारते, ओळखलं नाहीस का गं. मी म्हटलं, बाळ, रडू नकोस, तुझं घर कुठंय सांग, मी तुला तुझ्या आईकडे —