औषध पोचलं नाही ती जागा

आबा, तुम्ही स्वयंपाकघरात कोसळलात तेव्हा मी पुण्याला कॉलेजात होते. हातातला घास पडला, तोंड वाकडं झालं आणि गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं. डोक्यात नेमकं काय झालं, कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून तर मी हे काम धरलं. मिरजेच्या इस्पितळात शिरेतून औषध सोडून मेंदूचे फोटो घेतात. फोटोत ते उठून दिसतं. ते कुठे किती वेळात पोचतं, त्यावरून कुठल्या भागाला किती रक्त मिळतंय हे मी कॉम्प्युटरवर मोजते. उशिरा पोचलं तर तो भाग वाचवता येतो. पोचलंच नाही तर गेला.

गेल्या वर्षी दादा उसाला पाणी द्यायला गेला आणि बांधावर पडलेला सापडला. कधीपासून पडला होता, कुणाला ठाऊक नाही. आई आणि वहिनी त्याला घेऊन आल्या. तुमच्यासारखंच वाकडं तोंड. मी त्याच्याकडे न बघता स्क्रीनसमोर बसते. चित्र उमटतं. डावीकडे, बोलण्याच्या जागी, औषध पोचलेलंच नाही. माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजते. तेच. आणखी एकदा मोजायला घेतलं तेव्हा डॉक्टर हळूच म्हणाले, "मॅडम, आता रक्ताची गुठळी काढूनही उपयोग नाही. उलट आत रक्तस्राव होईल."

बाहेर आई उभी होती. "काय दिसलं गं तुज्या मशिनीत?"

"उशीर झालाय, आई."

"आगं, पर तू हायस की हितं!"

लहानपणी तुम्ही मला एकदा रागावला होतात, "रडती काय, हात चालीव!" त्या दिवशी हात चालवायला काही उरलंच नव्हतं, आबा.

दादा जगला. उजवा हात लोंबतो, शब्द येत नाहीत. मी घरी गेले की घशातून नुसता आवाज काढतो. वहिनी सांगते, "वन्सं, चा घ्या म्हंत्यात." मी चहा घेते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. दादाची ती चित्रं मी अजून अधूनमधून उघडते आणि नव्याने मोजते. आईला हे माहीत नाही. माझं मोजणं चुकलेलं निघालं, तर मी काय करणार आहे, ते मलाही माहीत नाही.